बाबांचा 'एक' आणि तीस एमएलचा डमरू: पेग मेजरचा रिव्ह्यू

डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की दारू बंद केलीत तर सगळ्यात उत्तम, पण नाहीच जमलं तर एक, त्याच्या वर नाही. आणि बाबांनी तो शब्द इतक्या इमानदारीने पाळला की बस. कुणाकडे गेले, कुणी कितीही आग्रह केला, तरी ग्लासवर तळहात ठेवून म्हणायचे, नाही हो, माझा एक झाला. आम्हाला सगळ्यांना त्याचं प्रचंड कौतुक होतं, मी तर मैत्रिणींना उदाहरण द्यायचे की माणसाने ठरवलं तर कसं पाळता येतं बघा.

फक्त डॉक्टर 'एक' म्हणाले होते, केवढा ते म्हणाले नव्हते.

बाबांचा एक त्यांच्या लाडक्या ग्लासात असतो. जाड बुडाचा, बसका, तोंडाला रुंद, हातात घेतला की राजासारखं वाटावं असा. त्यात ते रोज स्वतःच ओततात, कुणाला हात लावू देत नाहीत, आणि ओतताना बाटलीचं तोंड ग्लासाला टेकवून मान तिरकी करून बघतात, अगदी औषध काढल्यासारखं. मी एकदा म्हटलं, बाबा जरा जास्त वाटतंय, तर म्हणाले, "अगं, बोटभर तर असते!" आणि खरंच होती बोटभरच, मी बोट लावून बघितलं.

आता इथे शाळेतलं गणित कामाला आलं. तो ग्लास आतून आठ सेंटिमीटर रुंद आहे. आठ सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासात एक सेंटिमीटर उंची भरली की पन्नास एमएल होतात. एक सेंटिमीटर म्हणजे नखाएवढी उंची हो! तीच उंची पाच सेंटिमीटरच्या निमुळत्या ग्लासात भरली तर जेमतेम वीस एमएल. डोळा बघतो उंची, आणि दारू वाढते रुंदीत. सिनेमात हिरो दोन बोटं मागतो ना, ती दोन बोटं बाबांच्या ग्लासात मोजली तर पावणेदोनशे एमएलच्या पुढे जातात, तेवढी पिऊन कोणी व्हिलनला मारायला उठणार नाही, सोफ्यावरच झोपेल.

तर एका रविवारी मी किचनचा डिजिटल काटा टेबलावर ठेवला, त्यावर बाबांचा रिकामा ग्लास, झीरो केलं, आणि म्हटलं, बाबा, रोजच्यासारखं ओता. ते ओतत गेले, आकडा चढत गेला, आई चष्मा लावून वाकून बघत होती. १०४ ग्रॅमवर थांबले. आता दारू पाण्यापेक्षा हलकी असते, चाळीस टक्क्यांची व्हिस्की एक एमएलला साधारण ०.९५ ग्रॅम भरते, म्हणजे १०४ ग्रॅमचे झाले ११० एमएल. तीस एमएलच्या छोट्या पेगच्या हिशोबाने साडेतीनच्या वर. रोज. चार वर्षं. "माझा एक झाला" म्हणत.

बाबा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले, मग म्हणाले सेल बदल याचे. आई म्हणाली, "एक म्हणजे केवढा हे मला कोणी विचारलंच नाही कधी. मी बाटल्या टाकते, मला माहिती आहे."

त्या रात्री मी पेग मेजर, म्हणजे दारू मोजायचं माप, ऑर्डर केला, आणि हा रिव्ह्यू त्याचाच आहे. तीन महिने वापरून मग लिहितेय.

वस्तू अगदी साधी आहे. स्टीलचे दोन शंकू बुडाला बुड लावून जोडलेले, एका तोंडात तीस मावतात, उलटा केला की दुसऱ्यात साठ. हुबेहूब डमरू. बारवाले याला जिगर म्हणतात, घरात आम्ही डमरूच म्हणतो. हा दोन तोंडांचा आकार काही आजचा नाही, शिकागोच्या कॉर्नेलियस डंगन नावाच्या माणसाने १८९३ साली त्याचं पेटंट घेतलंय, आणि सव्वाशे वर्षांत त्यात फारसं काही बदलावं असं कुणाला वाटलेलं नाही यातच काय ते आलं.

पण आधी पहिल्या डमरूबद्दल सांगते, कारण हा दुसरा आहे. पहिला जो आला तो दिसायला झकास, सोनेरी, पण पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तर तोंड अंडाकृती व्हायचं. मी सवयीने काट्यावर ठेवून पाणी भरलं. पाण्याचं बरं असतं, एक एमएल म्हणजे एक ग्रॅम, डोकं चालवावं लागत नाही. तीसच्या बाजूला काठोकाठ भरल्यावर ३७ ग्रॅम! साठची बाजू ६८. म्हणजे माप म्हणून विकलेली वस्तू प्रत्येक पेगला सात एमएल फुकटात वाढत होती, आणि हे घेणारा माणूस बिचारा मनाशी समाधानाने म्हणणार की मी मोजून पितो. मला याचा मनापासून राग आला. फुलदाणी चुकीच्या मापाची निघाली तर चालतं हो, माप चुकीच्या मापाचं कसं चालेल? परत पाठवला. तुम्ही कुठूनही घ्या, पण घरी आल्यावर पहिलं काम हेच करा, पाणी भरून काट्यावर ठेवा.

हा दुसरा मात्र चोख निघाला. तीसची बाजू काठोकाठ ३० ते ३१ ग्रॅम, साठची ६०. आतमध्ये १५ आणि ४५ च्या रेषा आहेत, त्या रंगाने छापलेल्या नाहीत, धातूत कोरलेल्या आहेत, त्यामुळे घासून घासून जात नाहीत. ४५ ची रेषा माझ्या काट्यावर ४४ भरली, तेवढं मी सोडून दिलं. काठ बाहेरून दुमडलेला आहे म्हणून ओठासारखा गोल लागतो, हात कापत नाही, आणि ओतताना ओघळ खाली येत नाही. पत्रा जाड. टेबलावर ठेवला की डुगडुगत नाही. मधल्या जोडाच्या खाचेत मात्र बोट जात नाही आणि जिनमध्ये मिसळायच्या गोड मिक्सरचा चिकटपणा तिथे बसतो, दोन दिवस तसाच राहिला तर मुंग्या येतात, तेव्हा वापरल्याबरोबर लगेच गरम पाण्याखाली धरायचा.

एक खरी अडचण म्हणजे तीसचं माप काठापर्यंत भरावं लागतं. तीसच्या बाजूला काठाच्या जरा खाली रेषा असती आणि वर थोडी जागा सुटली असती तर थरथरत्या हाताने सुद्धा न सांडता ओतता आलं असतं. काठोकाठ भरलेला डमरू ग्लासापर्यंत नेताना दोन-चार थेंब टेबलावर पडतातच. आणि या थेंबांवरून आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रोज वाद. बाबांचं म्हणणं, सांडलेलं भरून मिळालं पाहिजे. शिवाय त्यांनी दुसऱ्याच दिवशी एक शोध लावला की काठापर्यंत भरल्यावर अगदी हळूहळू ओतत राहिलं तर वर फुगवटा येतो, सांडत नाही, आणि तो फुगवटा मापात धरायचा नाही. मी त्यांना पाण्यात आणि व्हिस्कीत दोन्हीत करून दाखवलं. पाण्याचा फुगवटा चांगला मोठा येतो, दारूचा पृष्ठताण पाण्यापेक्षा पुष्कळ कमी म्हणून तिचा फुगवटा लगेच फुटतो. त्या रात्री बाबा काठाशी डोळा लावून, श्वास रोखून थेंब थेंब सोडत होते, आई म्हणाली, "अहो, इतकं लक्ष देऊन पासबुक बघितलं असतंत तर!"

आता महत्त्वाचं. हे तीस एमएल म्हणजे नेमकं काय, हे मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मीही घेते, शनिवारी, जिन नाहीतर व्हिस्की. तीस एमएल चाळीस टक्क्यांची दारू म्हणजे बारा एमएल शुद्ध अल्कोहोल, वजनात साडेनऊ ग्रॅम. आणि आपलं लिव्हर अल्कोहोल मोडतं तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम, माणसामाणसाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे एक छोटा पेग हा लिव्हरचा साधारण एक तास. डमरूचा आकार वाळूच्या घड्याळासारखाही दिसतो ना, मला तो तेव्हापासून घड्याळच वाटतो. एकदा उलटा केला की एक तास. आणि हा तास कशानेही कमी होत नाही. कॉफीने नाही, लिंबाने नाही, थंड पाण्याच्या शॉवरने नाही, कॉफी पिऊन झिंगलेला माणूस फक्त जागा असलेला झिंगलेला माणूस होतो. पोटात आधी काही असलं तर दारू रक्तात हळूहळू उतरते एवढंच.

मग बाबांचं बघा. ११० एमएल म्हणजे पस्तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेतीन ते पाच तास. साडेआठला ग्लास संपवून दहाला झोपणार, तर लिव्हर बिचारं रात्री बारा-एकपर्यंत ओव्हरटाइमवर. आणि बाबांची वर्षानुवर्षांची तक्रार काय, तर मला रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. वयामुळे असेल म्हटलं. गादी बदलली. उशा दोनदा बदलल्या, एक तर मानेच्या आकाराची खास मागवली. पडदे जाड केले. आणि कारण ग्लासात होतं! दारूने झोप लवकर लागते हे खरं, सुरुवातीला गाढही वाटते, पण अंमल उतरायला लागला की रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप तुकड्यातुकड्यांत तुटते. वर दारू मेंदूतून सुटणारं लघवी आवरणारं हार्मोन दाबून धरते, म्हणून बाथरूमच्या फेऱ्या, म्हणून सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड. डमरू आल्यावर दहा-बारा दिवसांनी बाबा एका सकाळी चहा घेता घेता अगदी सहज म्हणाले, काल एकदम साडेपाचलाच जाग आली गं. मी काही बोलले नाही. पण आत जाऊन आईचा हात दाबला.

तुम्हाला वाटेल ही सगळी नको नको ची भाषा चाललीय. अजिबात नाही. मला दारूतली मजा मनापासून कळते आणि ती मजा खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही. दिवसभराची कामं आवरून, पाय वर घेऊन, पहिला घोट घशातून उतरताना जी ऊब पसरते ती ऊब मला आवडते. ती ऊब येते कुठून हेही फार मजेशीर आहे. तोंडात-घशात उष्णता ओळखणारे जे रिसेप्टर असतात ते एरवी बेचाळीस अंशांच्या पुढे गेलं की ओरडतात, मिरचीनेही तेच ओरडतात. अल्कोहोल त्यांची पातळी चौतीसपर्यंत खाली आणतं, आणि आपलं अंग तर सदतीसचं! म्हणजे आपलीच ऊब आपल्याला नव्याने जाणवते. मला हे वाचल्यापासून तो घोट अजूनच आवडायला लागला. (थंडीत दारूने अंग गरम राहतं हे मात्र खरं नाही, कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणून गरम वाटतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर जाते.)

आणि मापाने मजा कमी होते हा माझा मोठा गैरसमज होता, तो या डमरूने घालवला. बाबांनी पहिल्या दिवशी तीस एमएल त्या रुंद ग्लासात ओतले तेव्हा बुडाला नुसता ओलावा दिसत होता, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच रडू येईल असं वाटलं. मग मी कपाटातून एक जुना निमुळता ग्लास काढला, ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाला अरुंद. त्यात तेच तीस एमएल चांगले दीड सेंटिमीटर उभे राहिले, वर वास घ्यायला जागा. त्यात चमचाभर पाणी घातलं. पाणी घालण्याला पुष्कळ जण कमीपणा समजतात, पण २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर याचा अभ्यास केला, व्हिस्कीला धुराचा वास देणारं ग्वायकॉल नावाचं जे द्रव्य असतं ते कडक दारूत आत बुडून राहतं आणि पाणी घातलं की पृष्ठभागाकडे येतं. बाबांनी ग्लास नाकाशी नेला, आणि थांबले. पुन्हा नेला. म्हणाले, "याला वास असतो गं. मनुका भिजवल्यासारखा." चाळीस वर्षं पिणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा वास घेतला. तो ग्लास त्यांना पाऊण तास पुरला. पूर्वी ११० एमएल वीस मिनिटांत संपायचे टीव्हीसमोर, बातम्यांवर चिडता चिडता.

मापाची एक गोष्ट बाबांना फार आवडते म्हणून सांगते. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज रम मिळायची, सतराव्या शतकापासून. १७४० मध्ये व्हर्नन नावाच्या ॲडमिरलने बघितलं की पोरं पाणी न घालता रम पिऊन शिडावरून पडतायत, म्हणून त्याने हुकूम काढला की एक भाग रममध्ये चार भाग पाणी घालून, दोन हप्त्यांत द्यायची. त्याच्या ग्रोग्रम कापडाच्या कोटावरून त्याला खलाशी 'ओल्ड ग्रॉग' म्हणायचे, म्हणून त्या मिश्रणाचं नाव ग्रॉग पडलं, आणि आपण सकाळी उठल्यावर ग्रॉगी, म्हणजे गुंगल्यासारखं, वाटतंय म्हणतो ते तिथूनच आलं. पुढे माप कमी कमी होत गेलं, शेवटी होतं दिवसाला ७१ एमएल, पण रम ५४.६ टक्क्यांची, आणि ते अखेर बंद झालं ३१ जुलै १९७० ला, कारण मशिनं नाजूक झाली होती आणि ती चालवणारी माणसं शुद्धीत हवी होती. खलाशांनी दंडाला काळ्या पट्ट्या बांधून शोक पाळला म्हणे. मी हे वाचून दाखवल्यावर बाबांचे डोळे चमकले, म्हणाले, बघ, म्हणजे माझं माप नेव्हीचं होतं! मी मोबाईलवर गुणाकार केला. नेव्हीच्या मापात ३९ एमएल शुद्ध अल्कोहोल. बाबांच्या 'एक' मध्ये ४४.

"नेव्हीपेक्षा जास्त, बाबा."

"आणि तिथे निदान जहाज तरी चालवायचे," आई म्हणाली.

हा 'एक' सगळीकडेच असाच फसवा आहे हे मला हळूहळू कळलं. ब्रिटनच्या पबमध्ये कायद्याने व्हिस्कीचा एक म्हणजे २५ नाहीतर ३५ एमएल, अमेरिकेत एक म्हणजे ४४. सरकारी हिशोबातला एक ड्रिंक ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम, ऑस्ट्रेलियात १०, अमेरिकेत १४. आणि आमचे एक काका आहेत ते म्हणतात मी दारूला शिवत नाही, मी फक्त बिअर घेतो, एक. पाच टक्क्यांची पाचशे एमएलची एक बिअर म्हणजे पंचवीस एमएल अल्कोहोल, म्हणजे दोन छोटे पेग पूर्ण आणि वर थोडी. काका दुसऱ्या बिअरनंतर सगळ्यांची माफी मागायला लागतात. कशाबद्दल ते सांगत नाहीत, एकेकाचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून मला माफ कर म्हणतात, एकदा गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या मुलाची मागितली, तो घाबरून पावती न घेता गेला.

मी घरी आलेल्या सहा जणांकडून पाण्यावर प्रयोग करून घेतला, बाटलीत पाणी भरून दिलं आणि म्हटलं डोळ्याच्या अंदाजाने छोटा पेग ओता. एकजण ३४ वर थांबला, बाकी सगळे ४५ ते ७० च्या मध्ये. माझा स्वतःचा हात ५० चा निघाला. ७० वाला मित्र म्हणाला, पाहुण्याला ओतताना हात आपोआप सैल सुटतो गं, आणि ते अगदी खरं आहे, प्रेमाने ओतलेला पेग कधीच तीसचा नसतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते बचतीसाठी, पण इथेही तंतोतंत लागू आहे. हे प्रेम समोरच्याच्या लिव्हरला महागात पडतं आणि तो गाडी घेऊन आला असेल तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पण. गाडी चालवायची असेल तर डमरूची कुठलीच बाजू वापरायची नाही, तिथे माप शून्य.

धोक्याचं खरं सांगायचं तर मापातही आहेच, ते मी लपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेला गट, त्यात तंबाखू आहे. आणि संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलं की तब्येतीला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. त्यामुळे 'रेड वाइन हार्टला चांगली' वगैरे म्हणत कुणी हा डमरू औषधाच्या चमच्यासारखा वापरू नये. झोपेच्या गोळ्यांबरोबर तर कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंद करतात. आणि सकाळचा 'उतारा' म्हणून परत थोडी घेणं म्हणजे कर्ज फेडायला कर्ज काढणं, हँगओव्हर पुढे ढकलला जातो, फिटत नाही.

आणि एक गोष्ट, ही मी फार जपून लिहितेय. माझ्या मामाला लिव्हर सिरॉसिस झाला होता. फार प्रेमळ माणूस, मला सायकल त्याने शिकवली. त्याच्या हातात हा डमरू दिला असता तर काहीही उपयोग झाला नसता, कारण मोजून थांबणं हे ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी असतं. ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते त्याला माप नको, डॉक्टर हवा, आणि त्याने घरच्या घरी एका दिवसात एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. मामाच्या वेळी आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं, आम्ही फक्त बाटल्या लपवत होतो. तेव्हा घरात असं कोणी असेल तर कृपा करून ही वस्तू घेऊन प्रश्न सुटेल असं समजू नका.

बाकी ज्यांच्या घरी बाबांसारखा 'एक' आहे त्यांनी मात्र जरूर घ्या. मिक्सरवाल्या ड्रिंकला याचा अजून एक फायदा, तुमचं जिन-टॉनिक दर शनिवारी सारखंच लागतं, एकदा कडू एकदा पाणचट असं होत नाही. पाहुण्यांसमोर काढताना सुरुवातीला जरा चिक्कूपणा वाटेल की काय असं वाटलं होतं, पण लोकांना उलट मजा येते, प्रत्येकाला स्वतः भरून बघायचं असतं.

रेटिंग पाचपैकी चार. अर्धा स्टार कापला तो तीसच्या बाजूला काठाखाली रेषा नाही म्हणून. आणि उरलेला अर्धा साठच्या तोंडासाठी. बाबांनी पहिल्याच दिवशी डमरू उलटासुलटा करून विचारलं होतं, "मग हे दुसरं तोंड कशाला दिलंय?" आणि रोज विचारायचे, नवीन नवीन मुद्दे काढून, की कंपनीने काही विचार करूनच दिलं असेल ना, वस्तू अर्धीच वापरणं म्हणजे नुकसान नाही का. शेवटी आईने तोडगा काढला. तीसच्या बाजूने व्हिस्की, साठच्या बाजूने पाणी. दोन्ही तोंडं वापरली जातात, ग्लास नव्वद एमएलने भरल्यासारखा दिसतो आणि मिश्रण होतं साधारण तेरा टक्क्यांचं, वाइनएवढं. बाबांना ते पटलं, आता साठची बाजू ते स्वतः मोठ्या ऐटीत भरतात, काठोकाठ, फुगवट्यासकट, आणि आई काही म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात ते मित्राकडे गेले होते पत्ते खेळायला, तर शर्टाच्या खिशात डमरू. मित्राने बघितला, हसला, मग स्वतःचा 'एक' त्यात मोजून बघितला आणि हसायचा थांबला. काल त्याचा फोन आला, मुलीला सांग मलाही एक मागवून दे. मागवलाय, परवा येईल, आला की आधी पाणी भरून काट्यावर ठेवणार आहे.